विश्लेषण : वेग दुप्पट, भरवसा निम्मा... डेस्कटॉपवर ‘रेड शून्य’ लावावे का?

गेल्या लग्नसराईत ओळखीतल्या एका व्हिडीओग्राफरचा रात्री साडेअकराला फोन आला. संगणक सुरू होत होता, विंडोजही येत होते. पण ज्या ‘डी’ ड्राइव्हवर तीन लग्नांचे फुटेज होते, तो ड्राइव्हच दिसेनासा झाला होता. पेटीत चार-चार टेराबाइटच्या दोन हार्ड डिस्क होत्या. एकीतून टक्-टक् असा आवाज येत होता, दुसरी ठणठणीत होती. ‘‘एक गेली तर गेली, दुसरीतलं निम्मं तरी निघेल ना?’’ हा त्याचा प्रश्न. उत्तर ‘नाही’ असे होते. निम्मे नाही, एक लग्नही नाही. कॅमेऱ्याची कार्डे रिकामी करून पुढच्या कार्यक्रमांना वापरून झाली होती. पीसी जोडून देणाऱ्याने त्या दोन डिस्क ‘रेड’ करून दिल्या होत्या. आणि रेड म्हणजे डेटा सुरक्षित, अशी या गृहस्थांची पक्की समजूत होती.

हार्ड डिस्क कधी ना कधी बिघडतेच, त्यात नवल नाही. नवल याचे की, जी रचना डेटा जाण्याचा धोका वाढवते, तीच त्याला सुरक्षिततेच्या नावाखाली मिळाली होती. असे अनेकांच्या बाबतीत होते. म्हणून स्ट्राइप अर्थात ‘रेड शून्य’ हा प्रकार काय आहे, तो कोणी लावावा, कोणी टाळावा आणि लावायचाच तर कसा, हे समजून घ्यायला हवे.

‘स्ट्राइप’ केल्यावर नेमके काय होते?

एरवी संगणकात दोन हार्ड डिस्क असल्या तर त्या ‘डी’ आणि ‘ई’ अशा वेगवेगळ्या दिसतात. एखादी फाइल पूर्णपणे या डिस्कवर किंवा त्या डिस्कवर असते. स्ट्राइप केल्यावर दोन्ही मिळून एकच मोठा ड्राइव्ह दिसतो. चार-चार टेराबाइटच्या दोन डिस्कचा आठ टेराबाइटचा एक. त्यावर फाइल लिहिताना तिचे सारख्या मापाचे तुकडे केले जातात. तुकड्याचे माप ६४, १२८ किंवा २५६ किलोबाइट असे काहीही ठरवता येते. पहिला तुकडा पहिल्या डिस्कवर, दुसरा दुसरीवर, तिसरा पुन्हा पहिलीवर, अशी वाटणी होते. तुकडा ६४ किलोबाइटचा असेल तर १ मेगाबाइटच्या फाइलचे १६ तुकडे होतात आणि प्रत्येक डिस्कच्या वाट्याला आठ येतात.

दोन्ही डिस्क एकाच वेळी काम करतात, त्यामुळे मोठी फाइल वाचायला आणि लिहायला जवळपास निम्मा वेळ लागतो. फायदा एवढाच. मात्र तो खरा आहे, त्यात फसवाफसवी नाही.

नावात ‘रेड’ आहे, मग सुरक्षितता कुठे गेली?

रेड हे ‘रिडन्डन्ट अ‍ॅरे ऑफ इनएक्स्पेन्सिव्ह डिस्क्स’ याचे लघुरूप. सोप्या मराठीत सांगायचे तर ‘जादा प्रत राखणारा स्वस्त डिस्कचा संच’. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये एका शोधनिबंधात ही कल्पना मांडली. त्या काळी मोठ्या संगणकांच्या डिस्क अवाढव्य आणि महागड्या असत, तर पीसीच्या छोट्या डिस्क स्वस्त होत चालल्या होत्या. मग एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र जुंपल्या तर?

यातली मेख त्यांनीच त्याच निबंधात दाखवून दिली. एक डिस्क सरासरी ३०,००० तास चालत असेल, तर अशा १०० डिस्कच्या संचात पहिली डिस्क बिघडायला सरासरी ३०० तासच लागतील. म्हणजे दोन आठवडेही नाहीत. जादा प्रत राखण्याची सोय केल्याशिवाय असा संच कुचकामी आहे, हे त्यांचे म्हणणे होते. म्हणून त्यांनी डेटा वाचवण्याच्या पाच पद्धती सांगितल्या आणि त्यांना १ ते ५ असे क्रमांक दिले. त्यात शून्य नव्हता.

नुसत्या स्ट्राइपला ‘रेड शून्य’ हे नाव नंतर चिकटले. शून्याचा अर्थ सरळ आहे : जादा प्रत शून्य. एक डिस्क गेली तर किती उरेल, याचे उत्तर नावातच दिलेले आहे. पण दुकानात बोलताना ‘शून्य’ गळून पडते आणि ‘रेड’ तेवढे उरते. या प्रकाराला बाजारात रेड म्हणून विकूच नये, ‘स्ट्राइप’ म्हणावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या शब्दाचे पहिले अक्षरच जादा प्रतीची हमी देते, तो शब्द एकही प्रत नसलेल्या वस्तूला लावणे म्हणजे ग्राहकाची दिशाभूल आहे.

एक डिस्क शाबूत असताना निम्मे का वाचत नाही?

जुन्या सुट्या पानांच्या पोथीची कल्पना करा. दोन भावांनी वाटणी करताना सम पाने एकाने नेली, विषम दुसऱ्याने. एका घराला आग लागली. उरलेल्या पोथीत पाने निम्मी आहेत, पण एकही अध्याय सलग नाही. स्ट्राइपमध्ये याहून वाईट होते, कारण पान वाक्य संपल्यावर पालटत नाही. अक्षर मध्येच तोडून पुढचा भाग दुसऱ्या घरी जातो. १० मेगाबाइटच्या छायाचित्रात दर ६४ किलोबाइटनंतर ६४ किलोबाइटचे भगदाड पडले तर ते छायाचित्र उघडत नाही, किंवा उघडले तरी पाहण्याजोगे राहत नाही. व्हिडीओचेही तेच. एका तुकड्यात मावेल इतकी लहान फाइल नशिबाने हाती लागू शकते. पण कोणती फाइल कुठे आहे याची यादीही दोन्ही डिस्कवर विखुरलेली असते.

म्हणून डेटा काढून देणाऱ्या प्रयोगशाळेला आधी बिघडलेली डिस्क जिवंत करावी लागते. ती झाली तरच दोन्ही डिस्कचे तुकडे पुन्हा क्रमाने जोडता येतात. हे काम खर्चिक आहे आणि यशाची खात्री कोणी देत नाही.

धोका किती वाढतो?

हजारो हार्ड डिस्क वापरणारी ‘बॅकब्लेझ’ ही अमेरिकी कंपनी आपल्या डिस्क किती बिघडतात याचे आकडे २०१३ पासून जाहीर करत आली आहे. ढोबळमानाने वर्षाला शंभरात एक ते दोन डिस्क निकामी होतात, असे त्यातून दिसते. आपण दीड टक्का धरू. एका डिस्कला वर्षाला दीड टक्का धोका असेल, तर दोन डिस्कच्या स्ट्राइपला सुमारे तीन टक्के आणि चार डिस्कच्या स्ट्राइपला सुमारे सहा टक्के. संगणक पाच वर्षे वापरायचा म्हटले तर एका डिस्कला सुमारे सात टक्के, दोघींच्या स्ट्राइपला सुमारे १४ टक्के. म्हणजे सातपैकी एकाला पाच वर्षांत सगळा डेटा गमवावा लागेल.

आणि हे आकडे वातानुकूलित डेटा सेंटरमधले आहेत. आपला संगणक असतो पोटमाळ्यावरच्या स्टुडिओत किंवा दुकानाच्या मागच्या खोलीत; मे महिन्याच्या उकाड्यात, धुळीत, अधूनमधून वीज जाणाऱ्या ठिकाणी. शिवाय स्ट्राइप मोडायला डिस्कच बिघडायला हवी असे नाही. सैल झालेली केबल, मदरबोर्ड बदलणे, बायोसची मांडणी चुकून मूळपदावर जाणे, यांमुळेही संच ओळखू येईनासा होतो. अशा वेळी डेटा डिस्कवर असतो. पण घाबरून कोणीतरी ‘इनिशियलाइज’ किंवा ‘फॉरमॅट’चे बटण दाबतो आणि उरलीसुरली आशाही संपते.

वेग खरोखर दुप्पट मिळतो का?

मोठी सलग फाइल असेल तर हो. आजची ७,२०० फेऱ्यांची हार्ड डिस्क सलग वाचताना सेकंदाला साधारण १५० ते २५० मेगाबाइट देते. दोघी मिळून ३०० ते ५००. पण संगणक ‘हळू चालतो’ असे आपण म्हणतो तेव्हा तक्रार वेगळ्याच गोष्टीची असते. ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कची एक फेरी व्हायला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धी फेरी जाते, त्यात टोक सरकण्याचा वेळ वेगळा. विंडोज सुरू होताना, ब्राउझर उघडताना किंवा हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये हजारो बारीक फाइल चाळल्या जातात आणि बराचसा वेळ या वाट पाहण्यातच जातो. दोन डिस्क लावल्याने एकीही अधिक जोरात फिरत नाही.

२००३ च्या सुमारास १०,००० फेऱ्यांच्या ‘रॅप्टर’ डिस्क बाजारात आल्या, तेव्हा त्यांची जोडी स्ट्राइप करण्याची हौस डेस्कटॉपवाल्यांमध्ये बोकाळली. तेव्हा दुसरा पर्याय नव्हता, म्हणून ती हौस समजण्यासारखी होती. आज साध्या साटा एसएसडीचा वेग सेकंदाला ५०० मेगाबाइटच्या वर असतो. एनव्हीएमई एसएसडी तीन हजारांच्या पुढे सहज जाते. तिच्यात फिरणारे काही नसल्याने वाट पाहण्याचा वेळही जवळपास नाहीसा होतो. दोन हार्ड डिस्क जुंपून जो वेग मिळतो, तो एका एसएसडीने केव्हाच मागे टाकला आहे.

लग्नाच्या व्हिडीओचेच गणित करून पाहू. सेकंदाला १०० मेगाबिटने चित्रित केलेले फोर-के फुटेज म्हणजे सेकंदाला १२.५ मेगाबाइट, तासाला ४५ गिगाबाइट. चार कॅमेरे एकत्र चालवले तरी सेकंदाला ५० मेगाबाइट. एक हार्ड डिस्क याच्या तिप्पट देते. तरी टाइमलाइन अडखळते, कारण टोकाला चार फाइलींमध्ये उड्या माराव्या लागतात आणि दाबून साठवलेले फुटेज उलगडताना प्रोसेसर घामाघूम होतो. यावर खरा उपाय म्हणजे चालू काम एसएसडीवर ठेवणे किंवा एडिटिंगसाठी हलक्या प्रॉक्सी फाइल बनवणे. कार्डावरून संगणकात घेतानाही तेच. सर्वसाधारण यूएचएस-१ कार्डाची प्रमाणित कमाल मर्यादा सेकंदाला १०४ मेगाबाइट आहे. कार्डच तेवढे देत असेल तर घेणाऱ्या दोन डिस्क असल्या काय किंवा चार असल्या काय!

मग स्ट्राइप कोणाच्या कामाची?

काही कामे अशी आहेत, जिथे ती शोभते. फोर-के ‘प्रोरेस ४२२ एचक्यू’सारख्या कमी दाबलेल्या प्रकारात सेकंदाला २५ फ्रेम असल्या तरी एका कॅमेऱ्याचे फुटेज सेकंदाला ९० मेगाबाइटच्या आसपास जाते. चार कॅमेरे म्हटले की एक हार्ड डिस्क हात टेकते. कित्येक टेराबाइटचे असे फुटेज एसएसडीवर ठेवणे परवडत नसेल तर हार्ड डिस्कचा स्ट्राइप हा वाजवी मधला मार्ग आहे. रेंडरच्या तात्पुरत्या फाइल, पुन्हा डाउनलोड करता येतील असे गेम, ज्याची मूळ प्रत दुसरीकडे आहे असा अभ्यासाचा डेटा, या सर्वांसाठी तो चालतो.

कसोटी एकच. हा ड्राइव्ह आज रात्री गेला तर उद्या सकाळी काय होईल, हे स्वतःला विचारा. उत्तर ‘पुन्हा कॉपी करून घेईन’ असे असेल तर खुशाल लावा. ‘लोकांना तोंड कसे दाखवू’ असे असेल तर लावू नका. घरातल्या मुलांचे फोटो, दुकानाचा हिशेब, छपाईखान्यातल्या ग्राहकांच्या फाइल, एकमेव प्रत असलेले लग्न यांना स्ट्राइपवर जागा नाही.

लावायचाच असेल तर कसा?

पहिली अट म्हणजे विंडोज वेगळ्या एसएसडीवर असावे. स्ट्राइपवर फक्त कामाचा डेटा. दुसरी, दोन्ही डिस्क सारख्या क्षमतेच्या आणि सारख्या वेगाच्या घ्या. एक टेराबाइट आणि दोन टेराबाइट अशी विजोड जोडी लावली तर सहसा लहान डिस्कच्या दुप्पट, म्हणजे दोनच टेराबाइट मिळतात. वेगही मंद डिस्कचाच धरला जातो. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, संच बनवताना दोन्ही डिस्कवरचे सगळे पुसले जाते. आधी प्रत काढा, ती उघडते का पाहा आणि मगच पुढे जा.

मार्ग तीन आहेत. पहिला मदरबोर्डचा. इंटेल आणि एएमडी या दोघांच्याही बोर्डांवर बायोसमध्ये रेडची सोय असते. तिथे साटाचा प्रकार ‘एएचसीआय’वरून ‘रेड’वर न्यावा लागतो. आधीपासून चालू असलेल्या विंडोजवर हा बदल पूर्वतयारीशिवाय केला तर विंडोज सुरूच होत नाही, असा अनुभव अनेकांना येतो. शिवाय बोर्ड जळला तर दुसऱ्या जातीचा बोर्ड तो संच ओळखेलच असे नाही. दुसरा मार्ग विंडोजचा. कंट्रोल पॅनेलमधल्या ‘स्टोरेज स्पेसेस’मध्ये दोन्ही डिस्कचा साठा करून ‘सिम्पल’ प्रकार निवडला की स्ट्राइप तयार होतो. ‘डिस्क मॅनेजमेंट’मधला ‘स्ट्राइप्ड व्हॉल्यूम’ हा त्याहून जुना प्रकार. तो होम आवृत्तीत चालत नाही आणि त्यामागची ‘डायनॅमिक डिस्क’ ही पद्धत मायक्रोसॉफ्टनेच आता बाद ठरवली आहे. तिसरा मार्ग लिनक्सचा, तिथे ‘एमडीएडीएम’ ही आज्ञा हे काम करते.

माझा कौल दुसऱ्या किंवा तिसऱ्या मार्गाला. बोर्ड बदलला तरी त्याच डिस्क दुसऱ्या विंडोज वा लिनक्स संगणकाला जोडून संच पुन्हा उभा करता येण्याची शक्यता तिथे जास्त असते. तुकड्याचे माप निवडता येत असेल तर व्हिडीओसाठी मोठे घ्या, २५६ किलोबाइट किंवा त्याहून अधिक. दोन्ही डिस्कचे अनुक्रमांक एका कागदावर लिहून तो पेटीच्या आत चिकटवा. यूपीएस लावा. डिस्कची प्रकृती सांगणारे ‘स्मार्ट’ आकडे महिन्यातून एकदा पाहा; खराब झालेल्या जागांची संख्या वाढू लागली तर त्याच दिवशी डेटा हलवा.

आणखी एक खबरदारी. दोन डिस्क असलेल्या काही तयार बाह्य पेट्या कारखान्यातूनच ‘रेड शून्य’ करून येतात. खोक्यावर मोठा आकडा दिसतो, रचना मात्र बारीक अक्षरात असते. अशी पेटी ‘बॅकअपसाठी’ घेतली असेल तर आजच तिची मांडणी तपासा.

‘रेड एक’ लावले म्हणजे झाले का?

रेड एकमध्ये दोन्ही डिस्कवर एकच डेटा लिहिला जातो. जागा निम्मी मिळते. पण एक डिस्क गेली तरी काम चालू राहते. कार्यालयासाठी ते नक्कीच बरे. तरीही तो बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते. खंडणीखोर व्हायरस दोन्ही प्रती कुलूपबंद करतो. विजेचा झटका किंवा चोर दोन्ही डिस्क एकदमच नेतो.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ‘तीन-दोन-एक’चा नियम इथे उपयोगी पडतो. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. छोट्या स्टुडिओसाठी याचा अर्थ असा : चालू काम संगणकात, एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक प्रत घरी किंवा क्लाउडवर. या दोन प्रती तयार होऊन उघडून पाहिल्याशिवाय कॅमेऱ्याचे कार्ड फॉरमॅट करायचे नाही. एवढे पाळले तर संगणकात स्ट्राइप असो वा नसो, झोप लागते.

दुकानदाराने काय सांगायला हवे?

गॅसची शेगडी विकणारा नळी कधी बदलायची ते सांगतो. पीसी जोडून देणाऱ्यानेही दोन डिस्क एकत्र करताना एक वाक्य सांगायला हवे : ‘‘यातली एक गेली तर दोन्हींतलं सगळं जाईल.’’ ते बिलावर लिहून दिले तर उत्तमच. हे ऐकल्यावर बहुतेक ग्राहक वेगळा निर्णय घेतील आणि ज्यांना खरेच गरज आहे ते जाणूनबुजून घेतील. आपणही ‘रेड’ हा शब्द कानावर पडला की पुढचा प्रश्न विचारायला शिकले पाहिजे : कितवा? उत्तर शून्य असेल तर त्यापुढचा : मग प्रत कुठे आहे?

त्या व्हिडीओग्राफरने तीनही घरी स्वतः जाऊन सांगितले. एका लग्नाचे फुटेज त्याच्या सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर निघाले. दुसऱ्या घरी पाहुण्यांच्या मोबाइलमधले तुकडे गोळा करून अर्ध्या तासाची फिल्म जोडून दिली. तिसऱ्या घरी नवरीच्या आजीचे लग्नानंतर पंधरा दिवसांत निधन झाले होते आणि घरच्यांना त्या व्हिडीओत तीच पाहायची होती. तिथे द्यायला त्याच्याकडे काहीच नव्हते. आता त्याच्या संगणकात एक एसएसडी आहे, एक साधी हार्ड डिस्क आहे आणि कपाटात नाव-तारीख लिहिलेल्या डिस्कची रांग आहे. कॉपी व्हायला पूर्वीपेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. तेवढ्यात तो चहा पिऊन येतो.